बाजार मोजताना हातगाडी विसरू नका

मुंबईच्या भेंडी बाजारात सैफी बुरहानी अपलिफ्टमेंट ट्रस्टने २००९ पासून पुनर्विकासाचे काम हाती घेतले. साडेसोळा एकर जागा, सुमारे २५० जुन्या इमारती, ३२०० कुटुंबे आणि १२५० दुकाने एवढा हा पसारा. जमातीच्या ट्रस्टने पुढे होऊन रहिवासी आणि दुकानदार दोघांनाही त्याच भागात हक्काची जागा द्यायचे ठरवले. कामाची निकड किती होती, हे ३१ ऑगस्ट २०१७ रोजी पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली तेव्हा साऱ्या शहराने पाहिले. तीसहून अधिक माणसे गेली. इमारत याच योजनेतली होती.

एवढे मोठे काम प्रत्येक गावाला जमणार नाही. पण आपल्या मशिदीपासून एसटी स्टँडपर्यंतचा बाजार मोजायला काय लागते? एक वही आणि चार पोरे!

गेल्या रमजानपूर्वी नववीच्या मुलांना घेऊन मी आमचा बाजार मोजला. पहिल्या दिवशी मुलांनी फक्त शटर असलेली दुकाने लिहून आणली. शेवया विकणारी खाला, दुकानाच्या पायरीवर बसणारा चावीवाला, बांगड्यांची हातगाडी, यांतले कुणीच वहीत नव्हते. एका मुलीची अम्मी स्वतः तिथे भाजी विकते, आणि तिनेही अम्मीला लिहिले नव्हते. विचारले तर म्हणाली, "सर, ते दुकान थोडंच आहे?"

दुसऱ्या दिवशी नव्याने सुरुवात केली. कोण कुठे बसतो, किती वर्षे, पाणी कुठून आणतो, बायकांना जवळ शौचालय आहे का, संध्याकाळी दिवा लागतो का, बंद दुकाने का बंद पडली. दुकानदार आधी कुरकुरले. हातगाड्यांमुळे वाट अडते, ही त्यांची तक्रार खोटी नाही. पण गाड्या हटवल्या तर त्यांच्याच दुकानासमोरची वर्दळ कमी होईल, हे कापडवाल्या चाचांनीच बैठकीत बोलून दाखवले.

मदिनेत रसूलुल्लाह (सल्ल.) यांनी बाजारासाठी मोकळी जागा ठरवून दिली आणि तिथे कर लावला नाही, असे रिवायतींत येते. पथारीवाल्याला जागा देणे ही मेहेरबानी नव्हे.

आपला कायदाही तेच सांगतो. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार दर पाच वर्षांनी किमान एकदा विक्रेत्यांचे सर्वेक्षण व्हायला हवे. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असतात आणि त्यांत एकतृतीयांश महिला. व्यापारी संघ आणि मोहल्ल्यातल्या संस्थांनाही तिथे जागा आहे. आपल्याकडे मात्र पुष्कळ विक्रेत्यांना ही समिती ठाऊकच नसते.

आमच्या वहीची एक प्रत नगरपालिकेत दिली, पोच घेतली. दुसरी मशिदीच्या कार्यालयात आहे. खालाने यादीतले आपले नाव दोनदा वाचून घेतले आणि विचारले, "फोटो कधी काढणार?"