चाकाचा नट किती आवळायचा? टॉर्क रेंच सांगेल

बारामतीजवळच्या कन्हेरीसारख्या गावात पंक्चर झाले, की स्टेपनी घरीच बदलली जाते आणि नट पान्यावर उभे राहून आवळले जातात. धोका इथेच आहे.

६० किलोचा माणूस २५ सेंटीमीटर लांबीच्या आडव्या पान्याच्या टोकावर उभा राहिला, तर टॉर्क सुमारे १४७ न्यूटन-मीटर होतो. अनेक छोट्या कारना ८५ ते ११० पुरतो. जास्त झाला तर आटे जातात, बोल्ट तुटू शकतो; कमी पडला तर चाक ढिले होते.

काय घ्याल? : ४० ते २०० न्यूटन-मीटरचा, अर्धा इंची टॉर्क रेंच.

कसा वापराल? : गाडीच्या पुस्तिकेतला आकडा लावा. नट समोरासमोरचे आवळा, ‘टक्’ होताच थांबा. नट सोडवायला मात्र साधाच पाना घ्या.