क्रोनोग्राफ खोलण्याआधी 'जनता' खोला

जुन्या घड्याळांच्या नादाला लागलेल्या उमरी-धर्माबादकडच्या दोस्तांनो, घरी क्रोनोग्राफ (स्टॉपवॉच असलेलं घड्याळ) खोलायची घाई करू नका. आधी एचएमटी जनतावर हात बसवा. आजोबांच्या पेटीत एखादं निघतंच! जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने १९६१ साली बंगळूरला सुरू झालेल्या कारखान्याचं हे चावीचं घड्याळ. १७ ज्वेल, तासाला १८,००० ठोके.

पहिलं काम मेन स्प्रिंगचा ताण उतरवायचं. चावी बोटांत धरा, क्लिक (स्प्रिंग उलटी सुटू न देणारा खटका) मागे घ्या आणि चावी हळूहळू सुटू द्या. ताण असताना पॅलेट फोर्क काढला तर चाकं भरकन फिरतात, पिव्हट मोडू शकतो. फोर्क स्पिरिटमध्ये बुडवू नका, त्याचे खडे लाखेने चिकटवलेले असतात आणि लाख विरघळते. फोर्कच्या पिव्हटला तेलही द्यायचं नाही.

क्रोनोग्राफमध्ये अशाच यंत्रावर आणखी एक थर चढतो. जुन्या बऱ्याच यंत्रांत बटण दाबलं की जोडचाक सरकून मधल्या चाकाला भिडतं आणि काटा धावतो. शून्यावर आणताना हातोडी बदामाच्या आकाराच्या कॅमवर आपटते. हे हुकूम सोडायला वालजू ७२ या यंत्रात कॉलम व्हील असतं, लँडेरॉन ४८ मध्ये साधी कॅम. दाते किती खोल भिडावेत हे ठरवणारे एक्सेंट्रिक स्क्रू मात्र उगाच फिरवू नका. स्वच्छतेशी त्यांचा काही संबंध नाही, आणि एकदा बिघडले की सेटिंग करताना घाम फुटतो.

उन्हाळ्यात हे काम सकाळीच उरका. दुपारी पंख्याशिवाय बसवत नाही, आणि पंखा लावला की धूळ थेट उघड्या यंत्रात.