सेरेब्रल पाल्सी : नजर नव्हे, मेंदूला झालेली इजा

बाळ पाच-सहा महिन्यांचं झालं तरी मान धरत नाही, नऊ महिन्यांनंतरही बसत नाही, एक मूठ सतत बंदच ठेवतं. अशा वेळी घरात पहिला शब्द निघतो, "नजर लागली." मग तावीज आणि झाडफूंक यातच वर्ष निघून जातं. खरं तर हेच वर्ष उपचारासाठी सर्वात मोलाचं असतं.

सेरेब्रल पाल्सी म्हणजे वाढत्या मेंदूला झालेली इजा. ती गर्भात, जन्माच्या वेळी किंवा जन्मानंतर लवकरच होते. वेळेआधी जन्म, ऑक्सिजन कमी पडणे, नवजात बाळाची तीव्र कावीळ, मेंदूज्वर ही काही कारणं. अनेकदा नेमकं कारण सापडतच नाही, म्हणून आईला दोष देणं चुकीचं आहे. हा आजार संसर्गजन्य नाही.

याचे मुख्य प्रकार असे :

स्पास्टिक : सर्वाधिक आढळणारा. स्नायू ताठ राहतात. कुणाची एकच बाजू, कुणाचे दोन्ही पाय, तर कुणाचे चारही हातपाय जखडतात.

डिस्कायनेटिक : हातपाय, चेहरा आपोआप वळतो, हलतो. बोलणं अस्पष्ट असतं, पण अनेकदा समज चांगली असते.

अटॅक्सिक : तोल जातो, हात थरथरतो.

मिश्र : एकापेक्षा जास्त प्रकारांची लक्षणं.

प्रकार कळला की उपचाराची दिशा ठरते. मेंदूची इजा वाढत नाही, पण व्यायाम नसेल तर स्नायू आखडतात, सांधे वाकडे होतात. इजा पूर्ण बरी करणारं औषध नाही. मात्र फिजिओथेरपी, स्पीच थेरपी, ताठरपणा कमी करणारी औषधं आणि गरज पडल्यास शस्त्रक्रिया यांनी मूल बरंच स्वावलंबी होऊ शकतं. फिट येत असतील तर त्यावर वेगळा उपचार लागतो.

अनेक जिल्हा रुग्णालयांत अशा मुलांसाठी डीईआयसी केंद्र असतं, तिथे तपासणी मोफत होते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सीचा समावेश आहे. यूडीआयडी कार्ड काढून घ्या. 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो.

दुआ जरूर करा, पण दवा थांबवू नका. इलाज करणं हे तवक्कुलच्या विरोधात नाही. आणि हे मूल घरात लपवू नका. त्याला शाळेत, मदरशात, मशिदीत न्या. उभं राहता येत नसेल तर बसून किंवा इशाऱ्याने नमाज अदा करण्याची सवलत दीननेच दिली आहे. मग आपण त्याच्यासाठी दार का बंद करावं?