अज्ञातकुलशील फ्रेम

आमच्या नातवानें चीनमधील श्यामेनहून बिननांवाची कार्बनची फ्रेम मागवून तीवर स्वहस्तें सायकल जुळविण्यास घेतली, तेव्हां आम्हीं नाक मुरडलें. परंतु नामांकित कंपन्यांच्याही कित्येक फ्रेमा चीन व तैवान येथेंच घडतात, हें त्यानें दाखविलें. मग प्रमाण मानावयाचें तें परीक्षेसच. पोलाद तुटण्यापूर्वीं बहुधा वांकतें; राळेनें सांधलेले कार्बनतंतु मात्र पुष्कळदां पूर्वसूचनेवांचून तुटतात. म्हणून त्यानें फ्रेमेवर नाणें वाजवून कोठें बद्द आवाज येतो कीं काय तें पाहिलें, आणि हँडलचे बोल्ट टॉर्क पान्यानें ५ न्यूटन-मीटरपर्यंतच आवळले. आयएसओ ४२१० कसोटीचा दाखला विक्रेत्यानें अद्याप धाडलेला नाहीं; तो येईपर्यंत सायकल भिंतीशींच उभी राहील, असें त्यानेंच ठरविलें. जन्मभर परीक्षा घेतलेल्या आम्हांस यापरतें समाधान कोणतें?