पावतीचं चित्र

मोबाइलवर पैसे भरले, की पडद्यावर पावती येते. आपण तिचं चित्र काढून ठेवतो. हाच स्क्रीनशॉट. तो ठेवायच्या दोन रीती आहेत.

पहिली जेपेग. ती १९९२ सालची. फोटोला ती चांगली. जागा थोडी लागते. पण जागा वाचवताना ती बारकावे टाकून देते. झाडाच्या फोटोत ते कळत नाही. अक्षरांच्या कडा मात्र धुरकट होतात. मग ३ आहे की ८? पावतीचा नंबरच वाचता आला नाही, तर पुरावा कसला?

दुसरी पीएनजी. ती १९९६ सालची. ती काहीच टाकत नाही. अक्षर जसंच्या तसं राहतं.

म्हणून माणसांचा फोटो जेपेगमध्ये ठेवा, पावती पीएनजीमध्ये. आणि पहिल्यापासूनच ठेवा. पुसलेला आकडा मागाहून पीएनजी केली तरी परत येत नाही.