बांधावरचे झाड वर्षाला किती वाढते? जैवभार मोजण्याची रीत

बांधावरची झाडे, बांबू किंवा नवीन फळबाग दाखवा, करारावर सही करा आणि दरवर्षी कार्बनचे पैसे घ्या, असे सांगणारी माणसे आता खेड्यापाड्यांत फिरू लागली आहेत. दुसरीकडे लाकडाचा व्यापारी बांधावरचा लिंब नजरेने पाहतो आणि उक्ता भाव सांगून मोकळा होतो. दोन्ही ठिकाणी सौदा झाडात किती लाकूड आहे आणि ते वर्षाला किती वाढते याचाच असतो. पण ते मोजलेले असते फक्त समोरच्याने, किंवा कोणीच नाही. हे मोजमाप अवघड नाही. शिवणकामाची टेप, एक काठी, वही आणि मोबाईलमधला कॅल्क्युलेटर एवढ्यावर ते होते.

मोजण्याची ही रीत आली आहे उष्ण कटिबंधातल्या जंगलांतून. झाडाचा जैवभार म्हणजे त्याच्या खोड, फांद्या, पाने आणि मुळांचे पाणी काढून टाकलेले, म्हणजे कोरडे वजन. ते खरोखर जाणून घ्यायचे तर झाड तोडावे लागते, तुकडे करून वजन करावे लागते आणि त्यातले नमुने भट्टीत १०५ अंश सेल्सिअसला, वजन घटायचे थांबेपर्यंत वाळवावे लागतात. प्रत्येक झाडाचे असे करता येत नाही, केले तर मोजायला झाडच उरणार नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या देशांत तोडून तोललेल्या झाडांच्या नोंदी एकत्र केल्या आणि खोडाची जाडी, उंची व लाकडाची घनता यांवरून वजन काढणारे सूत्र बसवले. २०१४ मध्ये जेरोम शाव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५८ ठिकाणच्या ४००४ झाडांवरून काढलेले सूत्र आज सर्वांत जास्त वापरले जाते. ते असे:

जमिनीवरचा जैवभार (किलो) = ०.०६७३ × (घनता × व्यास × व्यास × उंची) चा ०.९७६ वा घात

व्यास सेंटिमीटरमध्ये, उंची मीटरमध्ये आणि घनता ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरमध्ये घ्यायची. घाताचे गणित साध्या कॅल्क्युलेटरवर होत नाही. बऱ्याच मोबाईलमध्ये कॅल्क्युलेटर उघडून फोन आडवा धरला की घाताचे बटण दिसते. तेही नको असेल तर बांधावरच्या मध्यम झाडांसाठी एक सोपी वाट आहे. कंसातला गुणाकार १००० ते २०,००० च्या दरम्यान येत असेल तर त्याला सरळ ०.०५५ ने गुणावे. उत्तर मूळ सूत्राच्या साधारण ४ टक्क्यांच्या आत येते, आणि आपल्या कामाला तेवढे पुरते.

घेर कुठे आणि कसा घ्यावा

घेर जमिनीपासून १.३७ मीटर, म्हणजे साडेचार फूट उंचीवर घ्यायचा. माणसाच्या छातीइतकी ही उंची आहे. टेप खोडाला काटकोनात, न ढिलावता आणि न आवळता धरावी. आलेल्या घेराला ३.१४ ने भागले की व्यास मिळतो. झाड बांधाच्या उतारावर असेल तर उंची वरच्या बाजूने मोजावी. नेमक्या त्या जागी गाठ, जखम किंवा फांदीचा फुगवटा असेल तर थोडे वर सरकून गुळगुळीत जागी घेर घ्यावा आणि किती उंचीवर घेतला ते वहीत लिहावे. सदाहरित जंगलात काही झाडांच्या बुंध्याला भिंतीसारखे आधार फुटलेले असतात. तिथे शिडी लावून त्या आधारांच्या वर घेर घेतात. आपल्याकडे ती वेळ फारशी येत नाही, पण जुन्या वडा-पिंपळाला येते.

साडेचार फुटांच्या खालीच झाड दुभागलेले असेल, आणि जनावरांनी खाल्लेल्या बाभळीत हे नेहमीचे आहे, तर प्रत्येक खोडाचा व्यास वेगळा काढावा. त्यांचे वर्ग करून बेरीज घ्यावी आणि त्या बेरजेचे वर्गमूळ काढावे. उदाहरणार्थ १२ आणि १६ सेंटिमीटरची दोन खोडे असतील तर १४४ अधिक २५६ म्हणजे ४००, आणि त्याचे वर्गमूळ २०. असे झाड २० सेंटिमीटर व्यासाचे धरावे. २८ चे नव्हे.

उंचीसाठी काठी घ्या. हात सरळ पुढे ताणा. डोळ्यापासून मुठीपर्यंत जेवढे अंतर आहे, तेवढीच काठी मुठीच्या वर उभी राहील अशी धरा. मग सपाट जमिनीवर मागे मागे सरका. काठीचे खालचे टोक झाडाच्या बुडाशी आणि वरचे टोक शेंड्याशी जुळले की थांबा. तुमच्यापासून बुडापर्यंतचे अंतर हीच झाडाची उंची. दोन बाजूंनी मोजून सरासरी घेतली तर अर्ध्या मीटरच्या आसपास बरोबर येते.

घनता झाडाच्या जातीवरून घ्यायची. कडुनिंबासाठी ०.६९, सागासाठी सुमारे ०.६, आंब्यासाठी सुमारे ०.५५ आणि बाभळीसाठी ०.७५ ते ०.८ धरावे. एकाच जाडीची बाभूळ आणि आंबा यांच्या वजनात एवढा फरक कशाने पडतो, ते इथे कळते. ही घनता कोरड्या वजनाची आहे. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत पाणी असू शकते. त्यामुळे वजनकाट्यावरचे ओले टन आणि सूत्राचे कोरडे किलो यांची तुलना करू नये.

एका लिंबाचा हिशेब

समजा, अंबड किंवा बदनापूर तालुक्यातल्या एखाद्या बांधावर ९४ सेंटिमीटर घेराचा आणि ९ मीटर उंचीचा लिंब आहे. ९४ भागिले ३.१४ म्हणजे व्यास ३० सेंटिमीटर. कंसातला गुणाकार ०.६९ × ३० × ३० × ९ = ५५८९. सूत्राने जमिनीवरचा कोरडा भार ३०६ किलो येतो. (०.०५५ च्या वाटेने ३०७.) मुळांसाठी साधारण २६ टक्के जास्त धरतात, म्हणजे एकूण ३८५ किलो. कोरड्या लाकडाचा सुमारे ४७ टक्के भाग कार्बन असतो, म्हणजे १८१ किलो. कार्बनचा हवेतला कार्बन डायऑक्साइड करायचा तर ३.६७ ने गुणतात: सुमारे ६६४ किलो.

हा झाला आजवरचा साठा. कार्बनच्या सौद्यात पैसे साठ्याचे नसतात, वाढीचे असतात. समजा, दोन वर्षांनी त्याच झाडाचा घेर ९८ सेंटिमीटर आणि उंची ९.३ मीटर झाली. पुन्हा तोच हिशेब केला तर जमिनीवरचा भार ३४१ किलो येतो. वाढ ३५ किलो. मुळे धरून कार्बन डायऑक्साइडमध्ये ती ७६ किलो, म्हणजे वर्षाला ३८ किलो. एक कार्बन क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड. अशी २६ झाडे वर्षभर वाढली की एक क्रेडिट तयार होते. त्यातून मोजणीचा, तपासणीचा आणि मधल्या संस्थेचा वाटा जातो. कोणी "एका झाडाचे वर्षाला हजार रुपये" म्हणत असेल तर त्याला क्रेडिटचा भाव विचारा आणि २६ ने भागा.

एक सेंटिमीटरची किंमत

याच उदाहरणात घेर ९४ ऐवजी चुकून ९५ घेतला गेला तर भार सुमारे २ टक्क्यांनी, म्हणजे ६ किलोंच्या वर वाढलेला दिसतो. झाडाची वर्षाची खरी वाढ १७-१८ किलो. म्हणजे टेप एका सेंटिमीटरने हुकली की वर्षाच्या वाढीचा तिसरा हिस्सा हवेतून निर्माण होतो किंवा गडप होतो. वाढ मोजण्यातली खरी अडचण ही आहे, सूत्र नव्हे.

म्हणून जंगलातल्या कायमस्वरूपी प्रक्षेत्रांवर घेराच्या जागी रंगाचा पट्टा ओढलेला असतो आणि दरवेळी त्याच पट्ट्यावर टेप लागते. पनामातल्या बारो कोलोरॅडो बेटावर ५० हेक्टर जंगलात एक सेंटिमीटरपेक्षा जाड प्रत्येक झाड क्रमांक देऊन मोजले आहे. दोन लाखांवर खोडे आहेत आणि १९८० च्या दशकापासून साधारण दर पाच वर्षांनी ती पुन्हा मोजतात. आपल्या देशात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने १९८८ मध्ये तामिळनाडूतल्या मुदुमलईत असेच ५० हेक्टर आखले. ते कोरडे पानगळीचे जंगल असल्याने आपल्या हवामानाला बरेच जवळचे आहे. कर्नाटकातल्या कोडगूत उप्पंगळा इथे पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेने सदाहरित जंगलात मोजणी केली आहे. फार बारीक वाढ हवी असेल तिथे खोडाभोवती स्प्रिंग लावलेली धातूची पट्टी बसवतात आणि ती किती सरकली ते पाहतात.

तुम्हीही ऑइल पेंटचा बोटभर पट्टा ओढा आणि क्रमांक टाका. पट्ट्याच्या जागी खिळा ठोकू नका, तिथे साल फुगते आणि घेर खोटा वाढतो. तार बांधून ठेवणे तर त्याहून वाईट, झाड गळफास लावल्यासारखे आवळते.

मोजणीचा महिनाही तोच ठेवावा. पावसाळ्यात खोड पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आखडते. एकदा मे महिन्यात आणि पुढच्या वेळी सप्टेंबरमध्ये मोजले तर न वाढलेले झाडही वाढलेले दिसेल. मृगाआधी, मे अखेरीस मोजणे सोयीचे पडते. रान मोकळे असते आणि बांधावरून फिरता येते. मोजणी दरवर्षी करण्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी करावी. वाढ मोठी असली की टेपची चूक तिच्यात लहान होते.

बांधावरची झाडे सगळी मोजावीत. गायरानात किंवा एका जागी दाट लागवड असेल तर ३१.६ मीटर बाजूचा चौकोन आखावा. तो ०.१ हेक्टर होतो. त्यातली झाडे मोजून दहाने गुणले की हेक्टरचा आकडा मिळतो. पण एकच चौकोन, आणि तोही चांगल्या कोपऱ्यात आखू नये.

मेलेली झाडे हिशेबात धरा

जंगलाच्या मोजणीत उभ्या झाडांची वाढ आणि नवीन आलेली झाडे यांची बेरीज करून त्यातून मेलेल्या झाडांचा भार वजा करतात. आपल्याकडे हा वजाबाकीचा भाग विसरला जातो. जालन्याचा पाऊस सरासरी ६५० ते ७५० मिलीमीटर, आणि सरासरी इथे फार फसवी आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या, हे कोणाला सांगायला नको. दर हेक्टरी वाढीचे जे आकडे तुम्हाला दाखवले जातील, ते कुठल्या पावसाचे आहेत हे विचारा. कोकणातला किंवा केरळातला आकडा भोकरदनला लागू होत नाही.

सूत्राच्याही मर्यादा आहेत. ते मोकळ्या वाढलेल्या जंगली झाडांवरून बसवले आहे. शेळ्यांसाठी दरवर्षी खांडलेला लिंब त्या जाडीच्या अखंड लिंबापेक्षा हलका भरतो. एकेका झाडाला उत्तर तीसेक टक्के इकडे-तिकडे सहज जाते. शंभर झाडांच्या बेरजेत या चुका बऱ्याच अंशी एकमेकींना खातात. त्यामुळे एका झाडाच्या आकड्यावर भांडू नये, सगळ्या बांधाच्या बेरजेवर बोलावे.

"आम्ही उपग्रहाने मोजतो" असेही सांगितले जाते. इस्रो आणि नासाचा निसार उपग्रह जुलै २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याहून गेला आहे आणि रडारने जंगलाच्या भाराचा अंदाज घेणे हे त्याच्या कामांपैकी एक आहे. पण उपग्रह झाड तोलत नाही. जमिनीवर टेपने मोजलेल्या प्रक्षेत्रांशी त्याचे संकेत जुळवून मगच आकडा काढला जातो. बांधावरची एकेरी रांग तर त्याच्या चित्रात शेतात मिसळून जाते.

मोसंबीला वेगळी रीत

मोसंबीला हे सूत्र लावू नये. झाड साडेचार फुटांच्या बरेच खाली फांदते, छाटणी होते आणि वाढीचा मोठा भाग फळांतून बाजारात जातो. इथे घेर कलमाच्या सांध्यापासून १५ ते २० सेंटिमीटर वर घ्यावा. सांध्यावर घेऊ नये, कारण जंबेरी किंवा रंगपूर खुंट आणि वरची मोसंबी यांची जाडी सारखी नसते. त्यासोबत झाडाचा घुमट मोजावा: ०.५२ × उंची × विस्तार × विस्तार. विस्तार पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर मोजून सरासरी घ्यावी. ४ मीटर उंच आणि ४.५ मीटर विस्ताराच्या झाडाचा घुमट ४२ घनमीटर होतो. हा आकडा कार्बनपेक्षा फवारणीच्या पाण्यासाठी आणि बागेतली मागे पडलेली झाडे ओळखण्यासाठी जास्त कामाचा आहे. घेर वाढतो पण घुमट लहान होत चालला असेल तर फांद्या वाळत आहेत. अशा झाडाची मुळे उकरून पाहावीत.

लाकूड विकताना

लाकडाच्या बाजारात घनफूट काढण्याची जुनी पद्धत अशी आहे: ओंडक्याच्या मध्याचा घेर घ्यायचा, त्याचा चौथा भाग काढायचा, त्याचा वर्ग करून लांबीने गुणायचे. ४ फूट घेर आणि ८ फूट लांबीचा ओंडका या मापाने ८ घनफूट भरतो. गोल ओंडक्यात प्रत्यक्ष लाकूड १०.२ घनफूट असते. म्हणजे मापातच साडेएकवीस टक्के सूट दिलेली आहे. ही फसवणूक नाही, कापताना वाया जाणाऱ्या लाकडासाठी केलेला तो रिवाज आहे. पण भाव ठरवताना घनफूट कोणत्या मापाचा हे आधी बोलून घ्यावे. सूट मापात एकदा आणि भावात पुन्हा, अशी दोनदा जाऊ देऊ नये. तोडण्यापूर्वी वृक्षतोडीची परवानगी लागते का, हेही पाहावे.

कार्बनचा करार समोर आला तर सही करण्याआधी पुढच्या गोष्टी मराठीत लिहून मागा. मोजणी कोण करणार आणि तिची प्रत तुम्हाला मिळणार का. कोणते सूत्र आणि कोणती घनता वापरणार. मोजणी व तपासणीचा खर्च कोणाच्या वाट्याचा. दुष्काळात झाडे वाळली तर आधी घेतलेले पैसे परत द्यावे लागतील का. करार किती वर्षांचा आहे, आणि तेवढ्या काळात मुलीच्या लग्नाला दोन झाडे विकता येतील का. गावात कृषी सहायक किंवा कृषी विज्ञान केंद्राचे कोणी आले तर त्यांच्यासमोर पहिली मोजणी करून वहीवर तारीख घालून सही घ्या. वहीत क्रमांक, जात, घेर, घेराची उंची, झाडाची उंची आणि शेरा एवढे रकाने पुरेत. पट्टा दर दोन वर्षांनी नव्याने रंगवावा, नाहीतर पुढच्या मोजणीला तो सापडत नाही.