दर तीन मिनिटांनी

लाल दिव्याच्या उजेडाला डोळे सरावले की पिंजऱ्यातला भुसा दिसतो, मग कागदाच्या कपट्यांचं घरटं आणि त्यावर पाठीची कमान करून उभी असलेली उंदरीण. तिच्या पोटाखाली गुलाबी, उघडीवाघडी, मिटल्या डोळ्यांची पिल्लं. मॉन्ट्रियलच्या त्या प्रयोगशाळेत माझं काम एवढंच होतं: दर ३ मिनिटांनी पाहायचं आणि टिपायचं. चाटते आहे? पाजते आहे? की बाजूला जाऊन खाते आहे? सव्वा तासाची बैठक, अशा दिवसाला ५. म्हणजे एका बाळंतिणीच्या रोज १२५ नोंदी.

नुसतं बघून काहीच कळत नाही. घरट्यात सगळ्या आया जवळपास सारखाच वेळ असतात. बेरजा मांडल्या की मात्र काहीजणी पिल्लांना पुष्कळ चाटतात आणि काहीजणी कमी, हे दिसतं.

या मोजणीला वजन आलं ते याच शहरातल्या मॅकगिल विद्यापीठात, मायकेल मीनी यांच्या गटामुळे. भरपूर चाटून घेतलेली पिल्लं मोठी झाल्यावर अडकवून ठेवली, तर त्यांच्या रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं संप्रेरक कमी चढतं, असं त्यांनी १९९७ मध्ये दाखवलं. मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसमध्ये या संप्रेरकाला पकडणारे ग्राही रेणू असतात. संप्रेरक पुरेसं झालं हे त्यांना कळतं आणि 'आता थांबा' असा निरोप खाली जातो. कमी चाटलेल्या पिल्लांत हे ग्राही कमी, म्हणून निरोप दुबळा.

माझी आजी पाचवीच्या रात्री बाळाच्या उशाशी कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. सटवाई येऊन कपाळी लिहून जाते, म्हणायची. मीनींच्याच गटाचा २००४ चा शोधनिबंध वाचताना मला तो कागद आठवला. ग्राही रेणूच्या जनुकावर मिथाइलच्या खुणा असतात, त्या जनुकाला दाबून ठेवतात. जन्मानंतरच्या पहिल्या दिवशी दोन्ही प्रकारच्या पिल्लांत त्या सारख्याच होत्या. सहाव्या दिवशी चाटलेल्या पिल्लांत त्यांतली एक महत्त्वाची खूण पुसली गेली होती, इतरांत तशीच राहिली होती. पिल्लांची जन्मतः अदलाबदल केली, तर खुणा सांभाळणाऱ्या आईप्रमाणे पडत. शिवाय हे लिखाण पक्कं नव्हतं: मोठ्या उंदरांच्या मेंदूत एक औषध सोडून ते बदलताही आलं.

कमी चाटणारीला 'वाईट आई' म्हणायला मी ठाम नकार देते. गरोदरपणी ताण दिला, तर एरवी खूप चाटणारी उंदरीणही पिल्लांना कमी चाटू लागते. आणि कमी चाटलेल्या पिल्लांचा मेंदू म्हणजे बिघडलेला मेंदू नव्हे. कॉर्टिकोस्टेरॉन चढलेलं असताना त्यांच्या हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींचे दुवे उलट अधिक चांगले बळकट होतात. धोक्याच्या जगात त्याचा उपयोग असेलही.

अंधारातल्या बैठकीत एकदा एक उंदरीण बराच वेळ पाण्याच्या नळीपाशीच राहिली. दोन नोंदी गेल्या, तिसरी गेली. मी काच वाजवू शकत नव्हते, तिला काही सांगू शकत नव्हते. चौथ्या वेळी पाहिलं तेव्हा ती घरट्यात परतली होती. एका पिल्लाला पुढच्या पायांत उलटं धरून त्याचं पोट चाटत होती. मी रकान्यात खूण केली आणि पुढच्या पिंजऱ्याकडे वळले.